चालू गाडीची पूजा

आमची टॅक्सी विकली गेली नाही ती माझ्यामुळे. हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि आमचे हे आता नुसती मान हलवतात. पूर्वी मध्येच म्हणायचे, "हो, पण स्क्रू मी फिरवला."

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. बरीच वर्षं दुसऱ्याची गाडी चालवून यांनी स्वतःची एक जुनी मोटार घेतली होती. भंडाऱ्याच्या स्टँडवर ती भाड्याने लावायचे. तुमसर, पवनी, कधी नागपूर. गाडी पळायला लागली की तक्रार नसे. थांबली की मात्र अंगात आल्यासारखी हलायची, धडधडायची आणि बंद पडायची. फाटकावर बंद. वैनगंगेच्या पुलावर समोरून एसटी आली म्हणून थांबावं, तर तिथेही बंद. एकदा वरातीत नवरदेवाला खाली उतरून धक्का मारावा लागला, फेट्यासकट. त्यानंतर लग्नाची भाडी दुसऱ्यांकडे जायला लागली.

ओळखीच्या मिस्त्रीने प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून धुतला. दर वेळी कार्बोरेटरचे दोन्ही नट दातओठ खाऊन आवळायचा. गाडी चार दिवस बरी चालायची, मग पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, "इंजिनच थकलं भाऊ. इकून टाक." गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं, गोंदियाचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघे येणार होते. म्हणजे हे पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर जाणार, पुन्हा कुणाच्या तरी हाकेला "जी मालक" म्हणणार. मला ते सहन होत नव्हतं. यांनाही होत नव्हतं, पण हे बोलत नसत.

दसऱ्याच्या सकाळी हे गाडी धुऊन बंद ठेवून उभे राहिले. माझं डोकं आधीच फिरलेलं.

"चालू करा," मी म्हटलं. "शेवटची पूजा आहे. मेलेल्या गाडीची मी नाही करत."

यांनी बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली आणि आत बसून ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवत तिला कसंबसं जिवंत ठेवलं. मी इंजिनला कुंकू लावलं आणि अगरबत्ती ओवाळू लागले. वारा नव्हता, धूर सरळ वर जात होता. पण कार्बोरेटर जिथे खालच्या नळीवर बसतो त्या सांध्याजवळ हात गेला, की धूर आडवा व्हायचा आणि नाहीसा व्हायचा. मी हात मागे घेतला, पुन्हा नेला. पुन्हा तसंच.

"अवो, पाहा ना, धूर आत जाऊन राहिला इथं!"

"वारा असन. अन् ते अगरबत्ती दूर कर, पेट्रोल आहे तिथं!"

अगरबत्ती विझवून मी स्वयंपाकघरात पळाले. पुऱ्यांची कणीक मळून ठेवली होती. तिचा गोळा आणला, लांब वळला आणि त्या सांध्याभोवती सगळीकडून दाबून बसवला. हाताला चटका बसला. पण धडधड थांबली. एवढे महिने फेफरं आल्यासारखं हलणारं ते इंजिन शहाण्यासारखं एका सुरात चालायला लागलं. हे बाहेर आले, इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय केलं तू?"

"भोक बुजवलं."

कणीक काय टिकणार? दहा मिनिटांत करपून गळून पडली. पण सांध्यातून नको ती हवा आत जाते आहे, हे आता आम्हाला कळलं होतं.

माझं माहेर भंडाऱ्यातलंच, पितळी डबे घडवणाऱ्यांचं. डब्याचा काठ सपाट झाला की नाही हे पाहायला आमच्याकडे काचेला काजळ फासून त्यावर डबा पालथा टेकवत. काळं लागलं तिथे उंच, कोरं राहिलं तिथे खोल. लग्नाआधी मी असे शेकडो डबे तपासलेत. गाडी निवल्यावर यांनी कार्बोरेटर काढून दिला. मी यांचा दाढीचा आरसा घेतला, त्याला काजळ लावलं आणि कार्बोरेटरचं बूड त्यावर टेकवलं. काळं लागलं फक्त दोन टोकांना, नटांच्या भोकांशी. मध्ये कोरं. मिस्त्रीने आवळून आवळून नटांच्या भोकांचे दोन्ही कान वाकवले होते. तो जितका जोर करायचा तितकी मधली फट वाढायची.

मग आरशावर बारीक पॉलिश पेपर अंथरून मी ते बूड घासत बसले. घासायचं, पुसायचं, काजळावर टेकवायचं, परत घासायचं. सगळीकडे सारखं काळं लागेपर्यंत उठले नाही. दसऱ्याचं जेवण त्या दिवशी चार वाजता झालं. यांनी सांध्यात बसवायला पुठ्ठ्याचं नवं पॅकिंग कापलं, नट मी "बस" म्हणेपर्यंतच आवळले आणि हो, उभ्या गाडीचं इंजिन किती हळू चालावं ते ठरवणारा स्लोचा स्क्रू यांनीच फिरवला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री गिऱ्हाईकाला घेऊन आला. हे गाडी सुरू करून बाहेर उभे राहिले. गाडी चालू आहे की बंद, हे गिऱ्हाईकाला वाकून पाहावं लागलं.

मिस्त्रीचं तोंड उतरलं. "कोणाकडं नेली होती?"

यांनी वळून दाराकडे पाहिलं. मी दारात उभी होते. स्टँडवर लोक यांना हसतील हे मला दिसत होतं, तरी यांनी सांगावं असं फार वाटत होतं.

"कुठंच नाई नेली," हे मोठ्याने म्हणाले. "माह्या बायकोनं केली."

मिस्त्री हसला. "वहिनी, हा काई पितळेचा डबा नोहे."

मी आतून जुनं पॅकिंग आणून त्याच्या हातात दिलं. दोन्ही टोकं दबून चपटी झालेली, मध्ये जसंच्या तसं. "भाऊ, तुमचा हात लई भारी आहे," मी म्हटलं. त्याने ते दोनदा उलटंसुलटं केलं आणि त्याचं हसू गेलं.

"गाडी द्याची नाई आता," हे गिऱ्हाईकाला म्हणाले.

आरसा मात्र ओरखडे पडून कामातून गेला. मी कितीदा टाकायला काढला, हे टाकू देत नव्हते. पुढच्या दसऱ्याला पूजेच्या पाटावर यांनी नट आवळायचे पाने मांडले आणि त्यांच्या शेजारी तो आरसा ठेवला.

"हे कायले?" मी विचारलं.

"हत्यार आहे तुहं," हे म्हणाले. "त्याले कुंकू लाव."