ओलं तोलायचं नाही

‘१४ मार्च, मंगळवार. बाळ सकाळी सहाला प्यायलं. पिण्याआधी ३ किलो ९६०. प्यायल्यावर ३ किलो ९५०. शतावरी दोनाची तीन चमचे केली.’

एवढं लिहून तोळाबाईंनी कपाळाला हात लावला. दूध पिऊन पोर दहा ग्रॅमनं हलकं झालं होतं, आणि तेही सलग चौथ्या दिवशी.

चाळीस वर्षं त्यांनी झाडपाल्याच्या औषधांचं दुकान चालवलं होतं. मापाला इतक्या पक्क्या की लोक खरं नाव विसरले. कितीतरी बाळंतिणींना त्यांनी शतावरी बांधून दिली आणि बजावलं, बाई गं, दुधाला आधी निवांत मन लागतं, मग मूळ. पण सुनेची वेळ आली तेव्हा निवांत मन दुकानातच राहिलं आणि तराजू तेवढा घरी आला.

सून बिचारी शतावरीचं दूध प्यायची, वर जिऱ्याचं पाणी, वर मेथीदाणे. मुलगा म्हणाला, आता ऑफिसात माझ्याही शर्टाला मेथीचा वास येतो. आईनं त्याला गप्प बसवलं.

दुपारी सुनेनं दुधाच्या पावडरीचा डबा टेबलावर आणून ठेवला. डोळे सुजलेले. संध्याकाळीही कमी भरलं तर उद्यापासून हेच, एवढंच म्हणाली. तोळाबाईंना वाटलं, आपलंच मूळ किडकं निघालं.

संध्याकाळी बाळ पिऊन पेंगलं. तोळाबाईंनी नेहमीप्रमाणे ओला लंगोट दोन बोटांनी काढून बादलीत टाकला, कोरडा बांधला, पारडं पुसलं. ओली मुळी कधी तोलायची नाही, ती गिऱ्हाइकाची फसवणूक, हा दुकानातला नेम. काटा पाच ग्रॅम कमीच दाखवत होता.

सून बाळाला झबलं घालत होती. गेल्या आठवड्यातलंच, पण बटणं लागेनात.

‘‘कापड आटलं असेल,’’ तोळाबाई म्हणाल्या.

सून झबल्याकडे बघत राहिली, मग बादलीकडे.

‘‘आई, तो लंगोट पारड्यात टाका.’’

‘‘ओला?’’

‘‘ओलाच.’’

तोळाबाईंनी तोंड फिरवून तो टाकला. दुसऱ्या पारड्यात कोरडा ठेवला आणि त्यावर वजनं चढवत गेल्या. साठ ग्रॅमला काटा मधोमध आला. तोळाबाईंनी वजनं पुन्हा एकदा मोजली.

‘‘म्हणजे चार दिवस मी...’’

‘‘दूध भरपूर होतं, आई. आपण ते दोरीवर वाळत घालत होतो.’’

सून चार दिवसांत पहिल्यांदाच हसली, इतकी की बाळ जागं झालं आणि पुन्हा प्यायला मागू लागलं. डबा कपाटात गेला. उद्यापासून शतावरी एकच चमचा, सून म्हणाली. दीड, तोळाबाई म्हणाल्या. शेवटी एकावरच तडजोड झाली, आणि तराजू दुकानात परत पाठवायचं ठरलं.

झोपण्याआधी त्यांनी वहीत लिहिलं: ‘ओले लंगोट अकरा. दोरी पुरत नाही, उद्या दुसरी बांधायची.’