शालनआत्याची पाखरं

चाकणहून कंपनीच्या बसनं घरी येत होते, तेव्हा भावाचा फोन आला. "आत्या गेली गं... दुपारी झोपली ती उठलीच नाही." रडू फुटायच्या आधी मी विचारलं, "तिच्या खोलीला कुलूप लावलंस का?" गल्लीतल्या कुणावर माझा विश्वास नव्हता.

शालनआत्या ऐन तारुण्यात विधवा होऊन पिंपळे गुरवला माहेरी परतली होती. पुढं शेतं गेली, इमारती आल्या, पण तिचं भटकणं सुटलं नाही. नदीकाठी, रिकाम्या प्लॉटवर हिंडून ती ओच्यात तारा, बाटल्यांची झाकणं, फुटक्या बांगड्या घेऊन यायची आणि त्यांची पाखरं करायची. पंख काचेचे, डोळे बटणांचे. खोलीभर दोऱ्यांना टांगलेली असायची.

गल्लीला ते खुपायचं. समोरच्या कमलकाकूंचा नातू तापानं फणफणला, उतार पडेना, तेव्हा चार बायका घेऊन काकू थेट आत शिरल्या. एक पाखरू ओढलं आणि किंचाळल्या, "हे बटण आमच्या गेलेल्या मालकांच्या सदऱ्याचं हाय! हिच्याकडं कसं आलं? करणी न्हाई तर काय?"

"तूच टाकला व्हतास सदरा, कमल," आत्या म्हणाली. "नदीकाठी पडला व्हता. बटण चांगलं व्हतं."

कुणी ऐकलं नाही. सगळी पाखरं प्लॉटवर नेऊन कचऱ्याबरोबर पेटवून दिली. पोराला डेंग्यू निघाला, दवाखान्यात बरा झाला. बायका मात्र म्हणत राहिल्या, जाळलं म्हणूनच गुण आला.

दुसऱ्या दिवशी आत्यानं राखेतून तारा वेचून आणल्या. "लोखंड जळत न्हाई," म्हणाली आणि कामाला बसली. पण तेव्हापासून ती आतून कडी लावायला लागली. दुसऱ्याच्या हातचा चहा घेईना. शेवटी शेवटी तर माझ्याही पिशवीकडं टक लावून बघायची...

तेराव्याला कमलकाकू आल्या. जेवल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "एक पाखरू देती का गं?"

"कशाला?"

"जाळायला न्हाई," त्या खाली बघत म्हणाल्या.

दिलं, पण मन मानेना. परवा ते त्यांच्या खिडकीत टांगलेलं दिसलं. काकू पदरानं त्याची धूळ पुसत होत्या. मी गॅलरीत आडोशाला उभी राहिले, आणखी काय करतात ते बघत. पुसून झाल्यावर त्यांनी पाखराचं तोंड अलगद आत्याच्या खोलीकडं वळवलं, आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.