भाचीचे वरचे दात

दवाखान्यातल्या गोष्टी सांगायला बसलो की बायको म्हणते, "औषधं विसरले, पण हे नाही विसरले!" खरं आहे. मिक्श्चरचं प्रमाण मला आता आठवत नाही, पण कोणाच्या पोरानं डॉक्टरसाहेबांना कुठं चावलं, ते बरोबर आठवतं. एक सांगायला घेतलं की त्याच्या मागून चार येतात.

स्वराज्याच्या आधीची गोष्ट. सडक अर्जुनीजवळच्या एका गावात कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचा सरकारी दवाखाना होता. दोन खोल्या, एक डॉक्टर आणि एक कंपाउंडर, म्हणजे मी. डॉक्टरसाहेब नागपूरचे, नवीन नवीन, आणि पोरांच्या दातांचं त्यांना भारी वेड! बाजाराच्या दिवशी आयांना ओळीनं बसवून पोरांचे जबडे उघडायचे. "कडुनिंबाच्या काडीनं दात घासून द्या. रात्री गुळाचा खडा तोंडात देऊन निजवू नका."

एकदा एका बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग दिवसा निजवू का जी?"

साहेबांना वाटायचं, आपण लोकांना शहाणं करतोय. लोकांना वाटायचं, डॉक्टरला बाहेरचं काहीतरी लागलंय. मी दोघांच्या मधे. दोघांचंही पटायचं, ही माझी पंचाईत.

त्यातच माझ्या घरचा एक तिढा होता. माझी धाकटी बहीण जानकी प्रतापगडाकडच्या गावात दिलेली. लग्नानंतर आठ वर्षांनी तिला मुलगी झाली. आई नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच झालं. तेव्हा इकडं पटकीची साथ, मला रजा नाही. रजा मिळेपर्यंत पोरीला दात फुटले, आणि तेही वरचे दोन आधी!

वरचे दात आधी आले की मामाला जड, असं आमच्याकडे मानतात. जानकीच्या सासूनं सांगून टाकलं, "खालचे येईपर्यंत मामानं पोरीचं तोंड पाहाचं नाही." जानकीला दुसरा भाऊ नाही. ती भ्यायली. पोर नऊ महिन्यांची झाली तरी मी तिला पाहिलेलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटायचं.

त्यामुळे त्या गावचा कोणीही दवाखान्यात आला की मी आधी विचारायचो, "खालचे आले का?" तो बिचारा पोटदुखीसाठी आलेला असायचा!

साहेब हसायचे. "कंपाउंडर, तुम्ही शिकलेले!" शिकलेला होतोच हो मी. पण भीती काही शाळेत गेली नव्हती.

*

कोणताही आजार असो, आमच्याकडे दातांवर ढकलायचे. ताप आला, दात. हगवण लागली, दात. एक बाई सात वर्षांच्या पोराला घेऊन आली. पोराचा हात सुजून टम्म.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"दात येऊन राहिले जी."

"हाताला?"

"हात तं मोहाच्या झाडावरून पडला म्हणून सुजला."

"मग तसं सांगा ना! दातांचा काय संबंध?"

"पडला काऊन, ते तं इचारा! रोज चढते, रोज उतरते. आता दात येऊन राहिले, म्हणून डोस्कं फिरलं त्याचं!"

साहेबांनी चिडून पोराचं तोंड उघडलं. मागं खरंच एक नवी दाढ वर येत होती! मी रजिस्टर उघडून विचारलं, "साहेब, कारण काय लिहू?"

साहेबांनी रजिस्टर माझ्या हातातून ओढून घेतलं आणि मिटून टाकलं.

*

दातातल्या किड्याचा किस्सा तर विचारूच नका. पोराची दाढ किडली की लोक गावातल्या म्हातारीकडे न्यायचे. ती भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडात धूर द्यायची आणि खाली पाण्यात पांढरे किडे पाडून दाखवायची. साहेब म्हणायचे, "दातात किडा नसतोच!"

एक शेतकरी पळसाच्या पानात ते किडे घेऊनच आला. "हे पाहा, मोजून सहा!"

साहेबांनी भिंग काढलं, सुईनं एक किडा फोडला, आणि एकदम खूश झाले. "हा किडा नाही! हा बीमधला कोंब आहे. धुरानं बी तडकली आणि आतला कोंब बाहेर पडला. पाहा, पाहा!"

शेतकऱ्यानं भिंगातून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे माह्या पोट्ट्याच्या दातात झाड उगवून राहिलं होतं?"

साहेबांनी अर्धा तास समजावलं. शेतकरी मान डोलावून गेला. पुढं कळलं, त्यानं पोराचं पाणी कमी केलं होतं!

*

आता माझी चूक सांगतो. दुधाचा दात पडला की तो कवेलूंवर टाकायचा आणि उंदराला म्हणायचं, हा घे आणि तुझा दे. साहेबांनी एका पोराचा हलता दात चिमट्यानं काढला आणि दिला बादलीत टाकून. थोड्या वेळानं आई, बाप, आजी, सगळे दारात. "आमचा दात द्या!"

बादली तर कापसानं आणि काढलेल्या दातांनी भरलेली. मी हात घालून एक दात काढला, धुतला आणि दिला. आजीनं तो निरखून पाहिला. "मोठा दिसते जी."

"ओला आहे ना, म्हणून," मी म्हणालो.

दोन-तीन महिन्यांनी बाप पोराला घेऊन हजर. पोराला नवा दात आलेला, चांगला रुंद! "कोनाचा दात देल्ला होता, कंपाउंडर? उंदरानं मापानं देल्ला ना!"

साहेबांनी शपथेवर सांगितलं, पक्का दात दुधाच्या दातापेक्षा मोठाच असतो. बापाला पटलं नाही. खरं सांगू? त्या दिवशी बादलीतून मी एका म्हाताऱ्याचा सुळा काढून दिला होता. त्यामुळे मलाही पटलं नाही.

*

दर सोमवारी मी औषधं आणायला गोंदियाला जायचो. हे जानकीला माहीत. त्या सोमवारी गोंदियाची मोटार चुकली आणि मी परत आलो, तर दवाखान्यासमोर तिच्या सासरची बैलगाडी!

आत जानकी पोरीला पदराखाली झाकून बसलेली. पोर तापानं फणफणलेली, दोन दिवस दूध नाही. खालची हिरडी पुवानं फुगली होती. साहेब म्हणाले, "आत्ता चिरावी लागेल. डोकं धरायला कोण आहे?"

सोबत आलेले सासरे हत्यार पाहूनच अंगणात जाऊन बसले. जानकीनं पोरीला आणखीच छातीशी कवटाळलं.

"कंपाउंडर, या!"

"दादा नको!" जानकी ओरडली. "दादा, बाहेर जा! तुले माही आन आहे!"

"अहो, पोर जाईल हातची!" साहेब तिच्यावर ओरडले.

मी कपाटातून बँडेज काढलं आणि स्वतःच्या डोळ्यांवर करकचून तीन वेढे बांधले. "घ्या साहेब. आता कुठं धरू?"

साहेब काहीतरी इंग्रजीत बोलले. मग त्यांनी माझा एक हात पोरीच्या कपाळावर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या तोंडात घातलं. "जबडा मिटू देऊ नका."

भाचीची आणि माझी पहिली भेट ही अशी झाली. कपाळ तव्यासारखं तापलेलं. बोटाला वरचे दोन दात लागले, तांदळाच्या दाण्याएवढे. खाली नुसती सूज. मग एकदम पोर किंचाळली, बोटात कळ गेली, आणि साहेब म्हणाले, "झालं! आला बाहेर पू!"

दारातून डोकावणारी एक म्हातारी म्हणाली, "बापा! पोट्टीचा दात पाहाले गेला, अन् कंपाउंडरचे डोळे गेले!" बाहेरची ओळ निम्मी पांगली.

माझं बोट भळभळ वाहत होतं. पोर चावली की साहेबांचं हत्यार लागलं, आजतागायत कळलेलं नाही. साहेब पोरीच्या तोंडात कापूस धरून बसलेले. पोरीचं रडणं थांबलं होतं.

"दादा, रक्त!" जानकी म्हणाली. "बाई बाई, किती रक्त! काई बांधाले आहे का?"

"कपाटात पाहा," साहेब म्हणाले.

कपाट उघडल्याचा आवाज आला, बाटल्या वाजल्या, पण दुसरं बँडेज काही सापडेना. मग जानकी धावतच माझ्याजवळ आली, माझ्या डोक्यामागची गाठ सोडली, तीन वेढे भराभर उलगडले आणि तेच बँडेज माझ्या बोटाला गुंडाळायला लागली.