सासऱ्यांचं गाऱ्हाणं

पावसाळ्याच्या तोंडावर सासऱ्यांचं उजवं अंग गेलं, त्याबरोबर वाचाही. पाणी हवं असलं की तांब्याकडे बघायचे. तोंडातून ‘ता, ता’ एवढंच यायचं.

सासूबाई रोज त्यांचं तोंड पुसताना म्हणायच्या, "माका नुसती हाक मारा. बाकी काय नको." हाक म्हणजे ‘गो’. लग्न झाल्यापासून त्यांनी सासूबाईंना तेवढीच हाक मारली होती.

चतुर्थीला यजमान मुंबईहून आले. आरती झाली, गणपतीपुढे नारळ ठेवला. गाऱ्हाणं दरवर्षी सासरे घालायचे. घरादाराची, गुरांची, दर्यावर गेलेल्या माणसांची राखण मागायचे आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. यंदाही सासऱ्यांना धरून पुढे बसवलं. त्यांच्या जागी यजमानांनी बोलायचं ठरलं होतं, पण त्यांना सुरुवातच आठवेना. मी दाराआड उभी होते. दरवर्षी तिथूनच ऐकलेलं. माझ्या तोंडून हळूच गेलं, "बा देवा म्हाराजा..."

"आता बायलमानसांनी गाऱ्हाणी घालूची काय?" चुलत सासरे म्हणाले.

तेवढ्यात सासऱ्यांनी पुढचं धरलं. कुठेही न अडखळता पार शेवटपर्यंत. आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचंच विसरलो.

सासूबाई डोळे पुसत पुढे आल्या. "देवाक इतक्या सांगलास, आता माका एक हाक मारा मां."

"ता," सासरे म्हणाले. "ता."

यजमानांनी जामसंड्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बोलण्याची मेंदूतली जागा दुखावली आहे. वर्षानुवर्षं घोकलेलं वेगळं साठतं, ते शाबूत आहे. सुरुवात करून दिली की आपसूक येतं. पण त्यातून नवं बोलणं निघेल असं नाही."

घरी येऊन यजमानांनी हे आईला समजावून सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे माझी हाक खंय रवली? ती काय कमी वेळा मारल्यानी?"



चतुर्थी संपली, यजमान परत गेले. मग दिवेलागण झाली की सासूबाई सासऱ्यांसमोर बसायच्या आणि ‘बा देवा म्हाराजा’ म्हणायच्या. ते सुरू झाले की मागण्यामागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत ऐकत राहायच्या. मी आत चुलीपाशी असायची. गाऱ्हाणं संपलं तरी त्या लगेच उठत नसत. पुढे आणखी काही येतं का बघायच्या. मग पेजेचा वाडगा मागायच्या आणि त्यांना भरवायच्या.