पायानं वाचायचं पुस्तक

एकोणिसाव्या वर्षी मी एक पुस्तक केलं. त्यात एकही शब्द नव्हता, आणि ते हातात धरून वाचता येत नव्हतं. ते पायानं वाचायचं होतं. हल्ली कुणी घडीची, डबीतली, गुंडाळीची चित्रकथा माझ्यापुढे ठेवतं आणि 'असलं काही पाहिलंय का?' म्हणून कौतुकानं विचारतं, तेव्हा मी तोंड मिटून बसतो. काय सांगणार, कप्पाळ?

आमचं घर विणकराचं. सत्तरच्या पुढची ती वर्षं. नागपुरातले हातमाग एकेक करून बंद पडत होते. आमचाही पडला, आणि बाबा लकडगंजात लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, कामाला जाऊ लागले. माग मात्र पुढच्या खोलीत तसाच उभा होता. साडीच्या काठावर नक्षी उठवायला भोकं पाडलेले पुठ्ठे लागतात, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद. ते दोरीनं एकाला एक ओवून त्यांची माळ मागाच्या चौकोनी रुळावर चढवतात. पायाखालची पावडी दाबली की खटाक् करून रूळ फिरतो आणि पुढचा पुठ्ठा समोर येतो. असे जुने पुठ्ठे आमच्याकडे पोतंभर पडून होते.

मी चित्रकलेच्या शाळेत जात होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. त्याच उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण तापानं गेली. अकरा वर्षांची पोर, आठ दिवसांत आटोपलं. नंतर घरात तिचं नाव कुणी काढेना. माय गप्प, बाबा तर आधीपासूनच अबोल. मला वाटलं, आपण तिचं सगळं चित्रांत काढू, अगदी शेवटापर्यंत काढू, म्हणजे घरातलं हे एकदाचं संपेल.

पुठ्ठ्यांच्या पाठीवर मी काढत गेलो. धाकटी उठते, आळस देते. नळावर भांडते. लाल रिबिनी बांधून घेते. मायजवळ बसून सुताच्या कांड्या भरते. मग ताप. एवढ्याशा पट्टीवर उभं माणूस नीट मावत नसे, डोकं तरी कापलं जायचं नाहीतर पाय. झोपलेलं माणूस मात्र बरोबर मावायचं. आजारपणाची चित्रं म्हणूनच सगळ्यांत चांगली उतरली, आणि त्याचा मला तेव्हा आनंद झाला होता, हे लिहायला आजही लाज वाटते. शेवटच्या पुठ्ठ्यावर रिकामी खाट काढली.

ओवायचं काम बाबांना सांगितलं. त्यांनी चित्रांकडे एकदाच पाहिलं. टालावरून आल्यावर दोन संध्याकाळी बसून त्यांनी माळ ओवली, वरचा रूळ उतरवून बैठकीसमोर डोळ्यांच्या उंचीला बांधला आणि माळ त्यावर चढवली. मी मागावर बसलो. एकेक पावडी, एकेक चित्र. रुळालाही आरपार भोकं होती आणि त्याच्या मागं खिडकी होती. पुठ्ठ्यांच्या भोकांतून उजेड यायचा आणि धाकटीच्या अंगावर ठिपके चमकायचे. खाट आली. संपलं. पण पाय सवयीनं आणखी एकदा दाबला गेला, आणि समोर धाकटी उठून बसलेली, आळस देत!

"बाबा, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे?" ते म्हणाले. "शेवटचा पुठ्ठा पयल्याले बांधाच लागते. माळ सुटी ठेवली तं नक्षी फिरून येईन कशी?"

अहो, त्यांची तरी काय चूक? तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. हे पुस्तक आहे, त्याला शेवट आहे, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सोडवायला हात घातला तर मागून मायचा आवाज आला.

"हात नको लावू. राहू दे तसंच."

दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की माय मागावर बसू लागली. आधी एक फेरी. मग पाच-सहा. मग भाजी करपायला लागली. गल्लीत आवाज जायचा, तर शेजारची काकू मला म्हणाली, "चांगलं झालं गा, तुमचा माग पुन्हा सुरू झाला." मी मान हलवली. घरात आलो की माय बोलताना ऐकू यायची. "ऊठ वं, नळ गेला न." मधेच मला दटावायची, "हळू बोल, ते झोपली हाये." तिच्या गालांवर ते उजेडाचे ठिपके सरकत असायचे. मला माझ्याच घरात शिरायची भीती वाटू लागली. दोन-तीनदा तर मीही पाय पुसता पुसता थांबलो, धाकटी आत असल्यासारखा.

बाबांना म्हटलं, काहीतरी करा. ते म्हणाले, "जेवत तं हाये न ते." पण ती जेवत नव्हती. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या होत्या.

एका रविवारी अंगणातल्या दोरीवर लाल रिबिनी दिसल्या. धुऊन, झटकून, सरळ करून वाळत घातलेल्या. दुसऱ्या दिवशी धाकटीची शाळा उघडणार होती.

माय नळावर गेली तेव्हा मी कात्री घेतली आणि खाट अन् आळस यांच्यामधली दोरी कापून टाकली.

दुपारी ती बसली. बाबा घरीच होते. मी दारात उभा राहिलो. नळ आला, रिबिनी आल्या, कांड्या आल्या, ताप आला. तेव्हा कुठं मला दिसलं, की रिकाम्या खाटेवर तिचा पाय क्षणभरही थांबत नाही. ती घाईनं दाबते. तिनं दाबलं. खाटेचा पुठ्ठा घसरून खाली पडला आणि समोर नुसता लाकडी रूळ राहिला. तिनं आणखी एकदा दाबलं. मग आणखी एकदा.

वळून तिनं माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुह्या बापानं सवयीनं बांधलं," ती म्हणाली, "अन् तू समजून कापलं."

बाबा खाली बसले, दोरीची दोन्ही टोकं हातात घेतली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघून विचारलं, "बांधून देऊ का वं?"

तिनं ती टोकं त्यांच्या हातातून घेतली आणि खाली ठेवली.

"नको," ती म्हणाली. "आता दिसलं न मले, कुठं संपते ते."

ती उठली, ताट घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मी अंगणात जाऊन रडलो.