पहिल्या पंगतीचं पान

गणपती विसर्जनाला जातात, मुंबईचे पाहुणे गाडीत बसतात, किस्से मात्र रत्नागिरीत माझ्याकडेच राहतात. लग्नाला बावीस वर्षं झाली. आता घरात डबे कमी आणि किस्से जास्त झालेत!

आधी एक सांगून टाकते. चतुर्थीला दुपारी आमच्याकडे चाळीस पानं. पहिली पंगत पुरुषांची, दुसरी मुलांची, तिसरी बायकांची. तिसरी बसेपर्यंत वरण गार आणि मोदक नाक मोडलेले. बावीस वर्षांत मला एकदाही पहिल्या पंगतीला बसून गरम मोदक खायला मिळाला नव्हता. याचा मला राग यायचा. यायचा म्हणजे यायचाच!

*

माझे मोठे दीर, म्हणजे सगळ्यांचे दादा, डोंबिवलीला असतात. महिनाभर आधी फॅमिली ग्रुपवर त्यांचा ड्यूटी चार्ट येतो. ‘मोदक – शुभा. भाज्या – शुभा. वाढप – शुभा आणि लेडीज.’ शुभा म्हणजे मी. सगळ्यात खाली ठळक अक्षरात, ‘ओव्हरऑल को-ऑर्डिनेशन – दादा’.

चतुर्थीला आरती आटोपली की हे को-ऑर्डिनेशन भाट्याच्या समुद्रावर फिरायला जातं. पानं मांडली की कुणीही फोन न करता बरोबर परत येतं!

*

एका वर्षी जाऊबाईंनी मुंबईहून कागदी प्लेट्स आणल्या. केळीच्या पानाचं चित्र छापलेल्या!

“इको-फ्रेंडली आहेत गं. तेवढाच कोकणचा फील!” म्हणाल्या.

मागच्या परसात केळीची पंधरा झाडं आहेत. मी कोयती घेऊन पानं कापायला गेले.

*

याच जाऊबाईंनी मी मोदकांना कळ्या पाडत असताना व्हिडिओ काढला. चेहरा नाही, फक्त हात. खाली लिहिलं, ‘सासरची परंपरा जपताना!’ लाइक्सचा पाऊस. “वहिनी, तुम्हाला एवढं सगळं जमतं कसं?” वगैरे.

शेजारच्या काकूंनी तेवढ्यात कमेंट टाकली, “बांगड्या शुभाच्या दिसतात.”

व्हिडिओ पाच मिनिटांत गायब!

*

नैवेद्य दाखवेपर्यंत आमच्याकडे काही चाखायचं नाही. त्यामुळे एका वर्षी वालाच्या उसळीत मी मीठ घातलं, नंतर जाऊबाईंनी घातलं आणि पुण्याच्या वन्संनीही घातलं. कुणी कुणाला विचारलं नाही.

पुरुषांची पंगत जेवून उठली, मुलांची उठली, कुणाचा चकार शब्द नाही. आम्ही बसलो आणि पहिल्याच घासाला माझी जीभ पोळल्यासारखी झाली.

“दादा, उसळ एवढी खारट, सांगायचं नाही का?”

“आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल!”

*

वन्संनी गेल्या वर्षी डाएटसाठी तांदूळ सोडला होता. म्हणून त्यांनी मोदकाची उकड सोलून फक्त सारण खाल्लं. असे नऊ मोदक! तीन तास मांडी घालून पाडलेल्या माझ्या कळ्या पानाच्या कडेला ढीग होऊन पडलेल्या.

सासूबाई म्हणाल्या, “गूळ सोडला नाहीस ना? मग बारीक होशील हो!”

*

यंदा नैवेद्य झाला, पानं मांडली. दादांनी नेहमीप्रमाणे हाक दिली, “चला, पुरुष मंडळी!” मंडळी हात धुऊन येतात तर पहिल्या पानावर सासूबाई बसलेल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे धरलेले, तरी पाटावर. शेजारच्या पाटावर हात थोपटून मला म्हणाल्या, “शुभा, बस गो इथे.”

मी पदराला हात पुसले आणि बसले. वन्सं आणि जाऊबाई तर माझ्याही आधी बसल्या!

“आई, अगं पहिली पंगत पुरुषांची असते,” दादा म्हणाले.

“ठाऊक आहे मला. साठ वर्षं वाढत्ये मी ती. आज तू वाढ.”

दादा मिठाची वाटी घेऊन पानासमोर उभेच. मीठ पानात कुठे वाढतात ते माहीत नव्हतं! माझ्या नवऱ्याने तूप वाढलं, त्यातलं निम्मं माझ्या साडीवर. पण मोदक गरम होता. मी तो फोडला, तोंडात घातला आणि मला रडूच आलं.

सासूबाई सावकाश जेवल्या. वरणभात, मसालेभात, दोन मोदक, पुन्हा थोडा भात, शेवटी ताक. चांगला पाऊण तास. पुरुष मंडळी वाढून घामाघूम आणि भुकेने कावलेली. त्या उठल्या तसे दादा म्हणाले, “हुश्श! चला रे, बसू आता.”

सासूबाई हात धुवायला निघाल्या होत्या. दारात थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या,

“बसतोस कुठे? उष्टी काढ, लादी पूस नि मुलांची पानं मांड. तुमचं मागाहून बघू!”