विहिरीतून चंद्रावर

मुलांनो,

तुम्ही फोनवर विचारलंत, माणसं चंद्रावर जात होती तेव्हा आजी काय करत होती? "शाळेत शिकवत होते," एवढंच मी म्हणाले. ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं क्रमाने लिहिते.

दुष्काळाचं वर्ष होतं. बी.एस्सी. होऊन मी कोल्हारजवळच्या एका शेतकरी घरात सून म्हणून आले होते आणि गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होते. जागा तात्पुरती होती, जूनमध्ये कायम व्हायची होती. त्या घरात माझी स्वतःची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

शाळेला लागूनच आमचं शेत. तिथली विहीर आटली होती, म्हणून सुरुंग लावून ती आणखी खोल नेत होते. सुरुंग उडाला की वर्गाची कौलं थरथरायची. एके दिवशी शिकवणं अशक्यच झालं, तेव्हा मी पुस्तक मिटलं. मुलींना सांगितलं, अग्निबाण नव्हते त्या काळी लोकांनी एक कल्पना केली होती. जमिनीत खोल तोफ पुरायची, पोकळ गोळ्यात माणसं बसवायची आणि गोळा चंद्रावर उडवायचा. आपली विहीर हीच तोफ समजा.

वर्ग एकदम जागा झाला.

"बाई, गोळा कशाचा करायचा?"

"गुऱ्हाळाच्या दोन काहिली घ्यायच्या, एकीवर एक पालथी!"

"संगं पानी न्यावं लागंल."

"हितं प्यायला न्हाई, आन् तिथं कुठलं नेतीस?"

"पहिल्यांदा कोण बसणार?" मी विचारलं.

"सासू!" लग्न ठरलेली एक मुलगी मागून ओरडली.

सगळ्या हसल्या, मीही हसले. मग समजावलं, की एका क्षणात एवढा वेग द्यायचा तर सुटतानाच्या धक्क्यानेच आतली माणसं चिरडतील. चंद्र त्यांना दिसायचाही नाही.

संध्याकाळपर्यंत हे आमच्या घरी पोचलं ते असं, की सूनबाई सासूला विहिरीत बसवून चांदोबाला गोळा मारणार आहे.

सासूबाई संकष्टी करायच्या. त्या दिवशी चंद्र बघितल्याशिवाय घास घेत नसत. त्या वर्षीचे उपास विहिरीच्या पाण्यासाठी होते.

"ज्याला बघून मी घास घेती, त्याला गोळा? लई शिकलीस गं बाई."

"आत्याबाई, ती नुसती कल्पना होती. आणि माणसं खरंच चंद्रावर जाऊन आली आहेत."

"ती परकी मानसं. त्यांची विहीर न्हाई आटली."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. माणसं चंद्रावर उतरल्याची बातमी याच गृहस्थांनी पारावर मोठ्याने वाचून दाखवली होती, जणू स्वतःच उतरून आले होते. आता ते विड्याच्या पानाचे देठ खुडत बसले होते.

पुढच्याच आठवड्यात विहिरीत काळा पाषाण लागला. पाणी नाही. दोष कुणाचा, हे ठरवायला कुणाला वेळ लागला नाही. तुमच्या आजोबांनी जेवताना सांगितलं, "विहिरीला पाणी लागेपर्यंत घरीच थांब." आवाजही चढवला नाही. पुढची भाकरी मागितली.

त्यानंतर पाण्याची वाट माझ्याइतकी त्या घरात कुणीच पाहिली नसेल. शाळा उघडली. हेडमास्तर भले होते, जागा थोडे दिवस रिकामी ठेवतो म्हणाले. आणि पाऊस झाला, चांगला झाला. विहीर निम्मी भरली. मी तशीच, ओल्या पायांनी सासूबाईंसमोर उभी राहिले.

"आत्याबाई, विहिरीत पाणी आलं. आता शाळेत जाऊ?"

"हे वरचं पानी. लागल्यालं न्हाई."

मला वाटलं, निदान आता तुमचे आजोबा हसतील. ते म्हणाले, "आईचं बरोबर आहे."

जागा दुसऱ्याला गेली. त्या विहिरीला खालून पाणी कधीच लागलं नाही. पुढे ती बुजवली.

सासूबाईंची नजर मंदावल्यावर संकष्टीला माळवदावर चढून चंद्र उगवला का, हे बघायचं काम माझ्याकडे आलं. त्या घरात माझ्या बी.एस्सी.चा तेवढाच उपयोग झाला. "उगवला," मी वरून सांगायचे आणि खाली पानं वाढली जायची.